राजाच्या खुर्चीवरून दिसणारा समुद्र

६ जानेवारी १६०५च्या रात्री लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात एक भव्य प्रयोग झाला. तो पाहून परतलेल्या डडली कार्लटन या दरबारी गृहस्थाने मित्राला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली, की रंगमंचावर मासे पुष्कळ होते, पाणी मात्र कुठेच नव्हते.

ज्या देखाव्याला कार्लटनने नाक मुरडले, त्याच्या एका रात्रीच्या खर्चाचा आकडा त्या काळच्या पत्रांत सुमारे ३,००० पौंड असा येतो. चाळीस फूट लांबीचा, चाकांवर चालणारा रंगमंच. त्यावर प्रथम शिकारीच्या वनाचे चित्र रंगवलेला पडदा. तो पडदा खाली कोसळताच मागे हेलकावे खाणारा समुद्र, त्यातून पुढे सरकणारे सागरी प्राणी, आणि मोत्याच्या शिंपल्यासारखा एक प्रचंड शंख. त्या शंखात बारा स्त्रिया बसलेल्या. त्यांपैकी एक खुद्द इंग्लंडची राणी, डेन्मार्कची अ‍ॅन. ती त्या वेळी सहा महिन्यांची गरोदर होती. बाराही जणींचे चेहरे आणि कोपरांपर्यंतचे हात काळ्या रंगाने रंगवलेले होते.

प्रयोगाचे नाव होते ‘द मास्क ऑफ ब्लॅकनेस’. शब्द बेन जॉन्सन या कवी-नाटककाराचे होते. नेपथ्य आणि वेशभूषा इनिगो जोन्स नावाच्या बत्तिशीतही न पोहोचलेल्या एका चित्रकाराची.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. पहिला तारखेचा. ख्रिसमसचा सण तेव्हा एका दिवसाचा नसून २५ डिसेंबरपासून बारा दिवस चाले आणि त्याची सांगता ६ जानेवारीच्या सणाने होई. या ‘बाराव्या रात्री’ राजवाड्यात वर्षातला सर्वांत मोठा सोहळा असे. इंग्लंडमध्ये कायदेशीर नववर्ष मात्र २५ मार्चला सुरू होत असल्याने त्या काळच्या कागदांत याच रात्रीचे वर्ष १६०४ असे सापडते. मूळ साधने वाचू पाहणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

दुसरा खुलासा ‘मास्क’ या शब्दाचा. हा मुखवटा नव्हे. मास्क म्हणजे नाटक, नृत्य, संगीत आणि देखावा यांचे मिश्रण असलेला दरबारी प्रयोग. त्यात बोलण्या-गाण्याच्या भूमिका व्यावसायिक नट आणि गायक करीत. राजघराण्यातील व उमरावांच्या घरांतील मंडळी मूकपणे, वैभवशाली वेषात प्रकट होत आणि नाचत. शेवटी ही मंडळी रंगमंचावरून खाली उतरून प्रेक्षकांना हात धरून नाचायला नेत. प्रयोग बहुधा एकदाच होई, क्वचित दोनदा. महिनोन्‌महिने राबून उभे केलेले जग पहाटेपर्यंत संपून जाई.

इनिगो जोन्सचा जन्म १५७३ सालचा. बाप कापड-व्यवसायातला, नावही इनिगोच. लंडनच्या स्मिथफील्ड भागात वाढलेल्या या मुलाच्या शिक्षणाविषयी फारशी खात्रीशीर माहिती मिळत नाही. १६०३ सालच्या एका उमरावाच्या हिशेबवहीत त्याची नोंद केवळ ‘चित्रे करणारा’ अशी आहे. त्यापूर्वी तो इटली पाहून आला होता, आणि त्या प्रवासानेच पुढचे सारे घडवले.

शेक्सपियरच्या सार्वजनिक नाट्यगृहात तेव्हा नेपथ्य जवळजवळ नव्हतेच. भर दुपारी, उघड्या आकाशाखाली, उघड्या फळ्यांवर नट उभा राही आणि हे अरण्य आहे असे सांगे. प्रेक्षक ते अरण्य पाहत. इटलीच्या दरबारांत मात्र गेल्या शतकभरात निराळेच काही घडत होते. चित्रकारांनी कागदावर साधलेले यथार्थदर्शन, म्हणजे दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी दाखवून सपाट पृष्ठभागावर खोली भासवण्याचे गणित, तेथे रंगमंचावर आणले गेले होते. सेबास्तियानो सेर्लिओ या वास्तुकाराने १५४५ साली छापलेल्या ग्रंथात त्याच्या आकृत्या दिल्या होत्या. रंगीत द्रव भरलेल्या काचपात्रांमागे दिवे ठेवून रंगीत प्रकाश कसा पाडावा, हेही त्यात होते. जोन्सने ही विद्या इंग्लंडमध्ये आणली. १६०५चा समुद्र हे तिचे तेथील पहिले मोठे दर्शन.

या विद्येची एक अट होती. सर्व रेषा ज्या बिंदूकडे धावतात, त्या बिंदूच्या बरोबर समोर बसणाऱ्यालाच चित्र पूर्ण दिसते. बाजूला सरकावे तसतसे स्तंभ कलतात, लाटांच्या फळ्या सुट्या दिसू लागतात. ती एकमेव जागा कोणाची, हा प्रश्न व्हाइटहॉलमध्ये विचारण्याची गरज नव्हती. दालनाच्या दुसऱ्या टोकाला उंच चौथऱ्यावर छत्राखाली जेम्स राजाचे आसन होते. समुद्राचे क्षितिज त्या आसनाच्या पातळीवर धरून सारा देखावा आखला होता, असे जॉन्सनने छापील संहितेत आवर्जून नोंदवले आहे. आसनापासून जो जितका दूर, त्याला देखावा तितका वाकडा. सभागृहातील मानाची उतरंड अशी थेट डोळ्यांना दिसणारी झाली. कार्लटन त्या रात्री कोठे बसला होता याची नोंद नाही. राजाच्या खुर्चीवरून पाणी दिसत असेलही.

बसण्याच्या जागांवरून परदेशी वकिलांची भांडणे होत, त्यामागेही हेच. १६०८च्या मास्कला फ्रान्सच्या वकिलाला बोलावणे गेले नाही, तर त्यावरून राजनैतिक रुसवेफुगवे झाले. नाटकाच्या निमंत्रणपत्रिकेवरून दोन राज्यांचे संबंध बिघडू शकतात हे आज अतिशयोक्त वाटेल, पण त्या दालनात कोण कोठे बसले यावरून युरोपातील मैत्री-वैरे वाचली जात.

आता वेशभूषेकडे वळू. मराठीत आपण ‘नेपथ्य’ म्हणतो ते रंगमंचावरील देखाव्याला. संस्कृतात मात्र या शब्दाचा अर्थ नटाचा वेष, आणि वेष चढवण्याची पडद्यामागची जागा असाही होतो. जोन्सच्या कामाला हा जुना, व्यापक अर्थ अधिक शोभतो. देखावा आणि वेष ही त्याच्या लेखी दोन कामे नव्हती. एकाच प्रकाशात, एकाच रंगसंगतीत दोन्ही पाहिले जाणार होते.

तो प्रकाश मेणबत्त्यांचा आणि तेलदिव्यांचा. त्याने वेषकाराचे सारे नियम बदलत. फ्रान्सिस बेकनने १६२५ साली मास्कवर एक छोटासा निबंध लिहिला. आपण फारच क्षुल्लक विषयावर लिहीत आहोत अशी सुरुवातीलाच दिलगिरी व्यक्त करून तो पुढे असे काही बारकावे सांगतो, की त्याने हा खेळ किती जवळून पाहिला होता ते उघड होते. त्याच्या मते मेणबत्तीच्या उजेडात खुलणारे रंग तीन: पांढरा, फिकट लालसर गुलाबी आणि समुद्राच्या पाण्यासारखा हिरवट. महागडी, बारीक कशिद्याची नक्षी त्या उजेडात पार हरवते. उलट स्वस्तातल्या धातूच्या टिकल्या सर्वांत अधिक झळाळतात. दशावतारी किंवा लोकनाट्याच्या फडात टिकल्या-जरीचे मोल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

जोन्सचे कापड-व्यापारी मन आणि चित्रकाराचा हात येथे एकत्र आले. नायजर नदीच्या कन्यांसाठी, म्हणजे राणी आणि तिच्या अकरा सख्यांसाठी, त्याने निळा आणि रुपेरी रंग योजला. केसांत पिसे आणि रत्ने, कानांत, गळ्यात, मनगटांवर मोती. काळ्या रंगवलेल्या त्वचेवर मोत्यांचा शुभ्र रंग उठून दिसावा हा हेतू जॉन्सनने स्पष्ट लिहिला आहे. यांपैकी एका कन्येच्या वेषाचे जोन्सने रंगवलेले चित्र आजही उपलब्ध आहे.

दरबाराला धक्का बसला तो मात्र त्या काळ्या रंगाचा. त्यापूर्वी दरबारी सोहळ्यांत ‘मूर’ दाखवायचे तर चेहऱ्यावर काळा मुखवटा आणि हातांत काळे मोजे घालीत. येथे प्रथमच उमराव स्त्रियांनी प्रत्यक्ष त्वचेवर रंग लावला होता. कार्लटनला ते किळसवाणे वाटले आणि वस्त्रे थोरामोठ्यांच्या स्त्रियांना न शोभणारी, फारच झिरझिरीत वाटली. स्पेनच्या वकिलाने नृत्याच्या वेळी राणीच्या हाताचे चुंबन घेतले, तेव्हा त्याच्या ओठांवर काळा डाग उमटतो की काय, अशी थट्टाही त्याने लिहून ठेवली. प्रेक्षकात मिसळून नाचण्याची प्रथा असल्यामुळे मास्कचा वेष हा दुरून पाहायचा वेष नव्हता. तो हाताला लागे, आणि त्याचा रंग दुसऱ्याला लागू शके.

या कल्पनेची जबाबदारी जोन्सची नव्हती, जॉन्सनचीही नव्हती. स्वतः राणीनेच काळ्या स्त्रियांचे रूप घेण्याची इच्छा प्रकट केली होती, असे जॉन्सन सांगतो. कथा अशी: नायजर नदीच्या कृष्णवर्णी कन्यांना आपले सौंदर्य कमी प्रतीचे आहे असे वाटू लागते आणि त्या अशा भूमीच्या शोधात निघतात, जिथला सूर्य त्यांना गोऱ्या करील. ती भूमी ब्रिटन, आणि तो सूर्य समोर बसलेला जेम्स. या कथेतील वर्णद्वेष आजच्या वाचकाला झाकता येणार नाही, आणि ‘काळच तसा होता’ म्हणून सोडूनही देता येणार नाही; ज्या दशकांत इंग्लिश जहाजे आफ्रिका, अमेरिका आणि हिंदुस्थानकडे वळत होती, त्याच दशकांत राजदरबार आपल्या सणाच्या रात्री हे चित्र रंगवीत होता. गंमत अशी, की ज्या चमत्कारासाठी कथा रचली, तो चमत्कार रंगमंचावर घडलाच नाही. चेहऱ्यावरचा रंग प्रयोगाच्या मध्येच उतरवणे शक्य नव्हते. कन्यांना वर्षभर वाट पाहायला सांगण्यात आले, आणि त्या गोऱ्या होऊन आल्या त्या तब्बल तीन वर्षांनी, जानेवारी १६०८मधील ‘द मास्क ऑफ ब्यूटी’त. एका रंगाच्या चिकटपणामुळे कथानक दोन भागांत विभागले गेल्याचे असे उदाहरण विरळा.

त्या रात्रीची अखेरही सांगण्यासारखी आहे. मेजवानीची टेबले मांडली गेली आणि पाहुण्यांचा असा लोंढा आला, की एक घास कोणी उचलण्यापूर्वीच टेबले आडवी झाली. हेही कार्लटनच सांगतो. त्याच्यासारखा खवचट साक्षीदार प्रत्येक समारंभाला लाभायला हवा.

पुढच्या वर्षांत जोन्सची यंत्रे झपाट्याने सुधारली. २ फेब्रुवारी १६०९च्या ‘द मास्क ऑफ क्वीन्स’मध्ये आधी धुराने भरलेला नरक आणि त्यात थयथयाट करणाऱ्या चेटकिणी दिसल्या. मग वाद्यांचा एकच मोठा कल्लोळ झाला आणि त्या क्षणी नरक नाहीसा होऊन तेथे कीर्तीचे मंदिर उभे राहिले, ज्यात बारा राण्या विराजमान होत्या. हे मंदिर अक्षावर फिरणारे होते. एवढा मोठा आवाज का? एक तर नाट्यमयतेसाठी. दुसरे, यंत्रांची करकर झाकण्यासाठीही तो उपयोगी पडत असणारच.

वेशभूषेच्या दृष्टीने हा प्रयोग अधिक महत्त्वाचा, कारण यात इतिहासातल्या आणि पुराणकथांतल्या राण्यांना वेष द्यायचा होता: अ‍ॅमेझॉनांची पेंथेसिलिया, सिथियनांची टोमिरिस, पाल्मिराची झेनोबिया, ब्रिटनची बोअडिसिया, इथिओपियाची कँडेस. जॉन्सनने प्रत्येकीसाठी प्राचीन ग्रंथांचे आधार शोधले आणि युवराज हेन्रीच्या इच्छेवरून ते टीपांसह लिहून दिले. जोन्सचे आधार चित्रांचे होते. चेझारे वेचेलिओने १५९०मध्ये व्हेनिसला छापलेला जगभरच्या पोशाखांचा ग्रंथ, फ्लॉरेन्सच्या दरबारी सोहळ्यांची कोरीव चित्रे, असे साहित्य तो सतत वापरी. त्यातून उभी राहणारी झेनोबिया तिसऱ्या शतकातील पाल्मिराची नसे. ती रोमन चिलखत, इटालियन पिसारा आणि लंडनची फॅशन यांची मिळून बनलेली असे. ऐतिहासिक नाटकाचा पोशाख ज्या काळाचा दाखवला जातो, त्याहून ज्या काळात शिवला जातो त्याविषयी अधिक सांगतो, हे जोन्सच्या प्रत्येक रेखाचित्रात दिसते. आपल्याकडील ऐतिहासिक नाटके-चित्रपटांतील पगड्या आणि चिलखतांवरून होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी ही रेखाचित्रे एकदा पाहावीत.

कामाची वाटणी कशी असे? रंगमंच, पायऱ्या आणि यंत्रांचे सुतारकाम राजाच्या बांधकाम खात्याकडे. राजघराण्याची वस्त्रे वस्त्रागाराकडे. उमराव आपल्या वेषाचा खर्च अनेकदा स्वतःच सोसत, आणि दरबारात दिसण्याची ती किंमत काहींना कर्जात लोटी. १६११ सालच्या एका मास्कच्या हिशेबात जॉन्सन आणि जोन्स यांना प्रत्येकी ४० पौंड दिल्याची नोंद आहे. नृत्य बसवणाऱ्या गुरूला मात्र ५० पौंड. राजाला काय आवडते हे हिशेबनिसाला नेमके ठाऊक असावे. ६ जानेवारी १६१८च्या मास्कमध्ये जॉन्सनची तात्त्विक संहिता लांबत चालली, तेव्हा जेम्स भर सभेत ओरडला, की ही मंडळी नाचत का नाहीत, आपल्याला येथे कशाला बोलावले. व्हेनिसच्या वकिलातीतील एका धर्मगुरूने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. राजाचा लाडका बकिंगहॅम उठला, उंच उड्या मारीत नाचला आणि प्रसंग निभावला.

१६१५पासून जोन्स राजाच्या बांधकामांचा प्रमुख झाला. १६१९च्या जानेवारीत जुने मेजवानीगृह जळून खाक झाले; सणानंतरची आवराआवर करताना लागलेली ती आग. देखाव्यांचे तेलकट कापड आणि लाकूड हे किती जिवंत सरण असते, याचा तो पुरावा. त्या जागी जोन्सने १६२२पर्यंत नवे बँक्वेटिंग हाउस उभारले. सुमारे १५,००० पौंडांची ही प्रमाणबद्ध इमारत लंडनच्या लाकूड-विटांच्या गर्दीत एखाद्या मास्कचा देखावा दगडात गोठल्यासारखी दिसली असेल. ती आजही उभी आहे.

जेम्सनंतर १६२५मध्ये त्याचा मुलगा पहिला चार्ल्स गादीवर आला, आणि मास्कचे स्वरूप बदलले. जेम्स पाहत असे. चार्ल्स स्वतः नाचे. शब्द मागे पडत गेले, देखावे वाढत गेले. १६३१मध्ये एका मास्कची संहिता छापताना जॉन्सनने मुखपृष्ठावर आपले नाव आधी आणि जोन्सचे नंतर घातले. जोन्स संतापला. वाद मानापमानाचा दिसतो, पण प्रश्न जुना आहे: प्रयोगाचा आत्मा शब्दांत की दृश्यात? जॉन्सनने जोन्सला झोडपणारी जळजळीत उपहास-कविता लिहिली, तिच्यात पडदे, फळ्या आणि यंत्रे यांचीच आता पूजा होते अशी त्याची तक्रार आहे. तक्रार खरी होती, म्हणूनच ती हरली. त्या वर्षानंतर जॉन्सनला दरबारचे मास्क लिहायला मिळाले नाहीत.

चार्ल्सने १६२९पासून अकरा वर्षे संसदच बोलावली नाही. करांवरून असंतोष धुमसत होता. अशा काळात मास्क हेच राजाचे राज्यविषयक भाषण झाले: आरंभी वादळ, दंगा, कुरूपता, मग राजा-राणी प्रकट होतात आणि सारे शांत होते. यावर टीका करणे किती महाग पडे, ते विल्यम प्रिन या वकिलाला विचारावे. नाटकांचा धिक्कार करणाऱ्या त्याच्या हजार पानी ग्रंथाच्या सूचीत अभिनय करणाऱ्या स्त्रियांविषयी अश्लाघ्य शब्द होते. नेमक्या त्याच सुमारास राणी हेन्रिएटा मारियाने एका नाटकात भूमिका केली होती. १६३४मध्ये प्रिनला ५,००० पौंड दंड, जन्मठेप आणि कान कापण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वकिलांच्या चार संस्थांनी, प्रिन आमचा नव्हे हे दाखवण्यासाठी, सुमारे २१,००० पौंड खर्चून राजासमोर मास्क केला. देखावे अर्थातच जोन्सचे.

आता थोडे आपल्या दिशेने. १० फेब्रुवारी १६३५ला झालेल्या ‘द टेंपल ऑफ लव्ह’मध्ये राणीने ‘नारसिंगा’ची राणी इंदामोरा साकारली. नारसिंगा हे युरोपीयांनी विजयनगरच्या राज्याला दिलेले नाव. साळुव नरसिंह या राजावरून ते पडले. जोन्सच्या दर्शनी कमानीच्या एका बाजूस पांढुरक्या हत्तीवर बसलेला उघडा हिंदी पुरुष होता, रंगीबेरंगी पिसांच्या वस्त्रांचा. दुसऱ्या बाजूस उंटावरचा फेटेवाला आशियाई. पिसांची वस्त्रे! ती अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या चित्रांतून आलेली. ‘इंडियन’ हा एकच शब्द दोन खंडांना पुरत असल्याने विजयनगरच्या वाट्याला ब्राझीलची पिसे आली. प्रत्यक्षात राजधानी विजयनगर १५६५च्या लढाईनंतर उद्ध्वस्त होऊन सत्तर वर्षे लोटली होती आणि त्याच सुमारास दख्खनेत शहाजीराजे बुडत्या निजामशाहीला सावरण्याची शिकस्त करीत होते. लंडनला खरी माहिती मिळण्याची सोय नव्हती असे नाही. सर टॉमस रो हा जेम्सचा वकील १६१६पासून जहांगीरच्या दरबारात राहून आला होता. जहांगीरचा दरबार पाहून त्याला काय आठवावे? नाट्यगृह. झरोक्यात राजा, उंचवट्यावर नटांसारखे उमराव, खाली टक लावून पाहणारी सामान्य जनता, असे त्याने लिहिले. व्हाइटहॉल पाहिलेल्या माणसाला अजमेर अनोळखी वाटले नाही.

१६३६मध्ये बँक्वेटिंग हाउसच्या छतावर रूबेन्सची नऊ भव्य चित्रे बसवण्यात आली. मधोमध जेम्स राजाचे स्वर्गारोहण. रूबेन्सला ३,००० पौंड मिळाले, म्हणजे जवळजवळ कार्लटनच्या त्या बिनपाण्याच्या समुद्राइतके. मशाली-मेणबत्त्यांच्या काजळीने चित्रे खराब होतील म्हणून तेथील मास्क बंद झाले आणि शेजारी लाकडाचे एक तात्पुरते नाट्यगृह बांधले गेले. विरोधक त्याला राणीचे नाचायचे कोठार म्हणत.

त्याच कोठारात २१ जानेवारी १६४०ला ‘साल्मासिडा स्पोलिया’ झाला. याच्या रंगमंचाचे आराखडे उपलब्ध असल्याने जोन्सची पद्धत यात सर्वांत स्पष्ट कळते. दोन्ही बाजूंना एकामागे एक अशा खोबणींतून सरकणाऱ्या रंगीत चौकटी, म्हणजे ज्यांना पुढे आपणही ‘विंगा’ म्हणू लागलो त्यांची पूर्वज. मागे सरकते पडदे. वर ढग उतरवण्यासाठी दोर आणि कप्प्या. वादळ, काळे ढग, मोडून पडणारी झाडे, त्यात कलहदेवता. मग निवळलेला निसर्ग. मग खडकाळ डोंगर, आणि त्यावरील सिंहासनावर ‘प्रजेवर प्रेम करणारा’ या अर्थाचे ग्रीक नाव धारण केलेला चार्ल्स. त्याचा वेष फिकट निळा, रुपेरी कशिद्याचा, शिरावर पांढरी पिसे. ढगातून उतरणाऱ्या राणीच्या सख्यांचा वेष लालसर गुलाबी, रुपेरी, कमरेला प्राचीन धाटणीच्या तलवारी. बेकनची रंगांची यादी अजून कामी येत होती.

या रात्री राजा देखाव्याच्या आत होता. जोन्सने पस्तीस वर्षे ज्या खुर्चीसाठी रेषा आखल्या, ती खुर्ची सोडून तो चित्रात शिरला होता. तेथून त्याला चौकटींची फक्त मागची, न रंगवलेली बाजू दिसत असणार.

तीन महिन्यांत त्याला संसद बोलवावी लागली. १६४२मध्ये यादवी युद्ध पेटले, नाट्यगृहे बंद झाली. १६४५मध्ये ते लाकडी कोठार संसदेच्या हुकमाने पाडले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने बेसिंग हाउस हा राजपक्षाचा बालेकिल्ला जिंकला. आत बहात्तर वर्षांचा इनिगो जोन्स सापडला. सैनिकांनी त्याचे कपडे ओरबाडून नेले होते, म्हणून त्याला घोंगडीत गुंडाळून बाहेर आणावे लागले. ज्याने दोन राजे आणि दोन राण्या सजवल्या, त्याच्या अंगावर त्या दिवशी सदराही नव्हता.

३० जानेवारी १६४९. वधस्तंभ उभारायला जागा निवडली गेली ती बँक्वेटिंग हाउससमोरची. थंडी कडाक्याची होती. आपण कुडकुडलो तर लोकांना ती भीती वाटेल, म्हणून चार्ल्सने त्या सकाळी दोन सदरे मागवून एकावर एक घातले. कठड्यांना काळे कापड लावले होते. मारेकऱ्यांनी मुखवटे आणि खोटे केस चढवले होते. ते कोण होते याची खात्री आजही नाही. राजा रूबेन्सच्या छताखालून चालत गेला आणि खिडकीतून बाहेर, मंचावर आला.

जोन्स १६५२पर्यंत जगला. त्याच्या मास्कची लाकडे, कापडे, यंत्रे यांतले काही उरले नाही. उरली ती चारशेंहून अधिक रेखाचित्रे, जी आज बहुतांशी इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथील संग्रहात आहेत. त्यांपैकी काहींवर चौकटींची जाळी आखलेली आहे, म्हणजे रंगाऱ्याने तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखून चित्र उतरवून घ्यावे. आणि काहींवर देखावे रंगवताना उडालेले रंगाचे शिंतोडे तसेच वाळलेले आहेत.